फंडावरचा अनुस्वार दिसतोय का? स्क्रीन रेकॉर्डिंगची साधनं शेजारी शेजारी ठेवून

दादरला मी हाउसिंग सोसायट्यांच्या सचिव-खजिनदारांना एक्सेलमध्ये मराठीतून हिशेब ठेवायला शिकवते. धडे स्क्रीनवर रेकॉर्ड करून पाठवते. ते पाहिले जातात विरार नाहीतर कल्याण लोकलमध्ये, मोबाइलवर. म्हणून माझी कसोटी एकच: 'सिंकिंग फंड'वरचे अनुस्वार आणि 'खर्च'मधला रफार वाचता यायला हवा. फाइल दाबताना, म्हणजे तिचा आकार लहान करताना, इंग्रजी अक्षर बराच वेळ तग धरतं, आपले अनुस्वार मात्र आधी पुसले जातात.

विंडोजमधला गेम बार आयता मिळतो. विंडोज, आल्ट आणि आर दाबलं की सुरू. पण तो एका वेळी एकाच प्रोग्रामची खिडकी टिपतो. एक्सेलमधून फोल्डरमध्ये जाऊन फाइल कशी उघडायची, हे त्यात दाखवता येत नाही. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये चौकोन आखून हवा तेवढाच भाग घेता येतो. पाच मिनिटांच्या धड्याला मी तेच वापरते.

मोठ्या धड्याला ओबीएस स्टुडिओ. तो मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. पहिला दिवस सेटिंग समजण्यात जातो, पण तो दिवस द्याच. फक्त एक्सेलची खिडकी निवडली की वर येणारे व्हॉट्सॲपचे मेसेज रेकॉर्ड होत नाहीत. सभासदांची थकबाकी पडद्यावर असताना तर पूर्ण स्क्रीन घेऊच नये, नावंही बदलून घ्यावीत. रेकॉर्डिंग एमकेव्ही या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवलं तर मध्येच वीज गेली तरी तोवरचा भाग हाती राहतो. नंतर ओबीएसमध्येच 'रीमक्स' करून, म्हणजे फक्त फाइलचा प्रकार बदलून, एमपी४ मिळतो, दर्जा जराही न घटता.

आता आकार. २,५०० केबीपीएसला (सेकंदाला इतके किलोबिट) मिनिटाला साधारण १९ एमबी होतात, म्हणजे २० मिनिटांचा धडा ३७५ एमबीच्या आसपास. इथे बहुतेक जण थेट ७२० पी, म्हणजे कमी बारकाव्याचं चित्र, निवडतात, आणि अनुस्वार तिथेच जातो. त्याऐवजी हँडब्रेक या व्हिडिओ दाबणाऱ्या प्रोग्राममध्ये १०८० पी तसंच ठेवा आणि सेकंदाच्या फ्रेम ३० वरून १५ वर आणा. हिशेबाच्या तक्त्यात हलतो तो बाणच. डोळ्याला फरक जाणवत नाही. त्यातला दर्जा ठरवणारा आरएफचा आकडा वाढवला की फाइल लहान होते आणि दर्जा उतरतो; मी २२ वर थांबते. एच.२६५ या दाबण्याच्या नव्या पद्धतीत फाइल आणखी आटते, पण जुन्या फोनवर ती अडखळते. सगळ्यांसाठी पाठवायचं असेल तर जुनी एच.२६४ च.

एक्सेलचा झूम आधीच १५० टक्के करा. ही गोष्ट कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कामाला येते. लाल पट्टीवर निळी अक्षरंही टाळा. व्हिडिओ दाबताना रंगाचा तपशील उजेडापेक्षा कमी ठेवला जातो, त्यामुळे अशी अक्षरं फिसकटतात.

पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकला तर तो पुन्हा दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो, फक्त घरच्या वायफायवर आधी उतरवून घ्यावा लागतो. यूट्यूबवर अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यांना दिसेल असं) ठेवलं तर उतरवायची गरज नाही, पण रेंज गेली की दर्जा आपोआप घसरतो आणि तक्त्याचा गिचका होतो. माझ्या वर्गासाठी मी डॉक्युमेंटच निवडलं. त्याआधी एका मिनिटाचा तुकडा स्वतःच्या फोनवर, हात लांब धरून, पाहून घेते.