आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप करावी की कॉन्ट्रॅक्टरकडे लागावं?

फिटर, टर्नर किंवा मशिनिस्टचा निकाल हातात आला की पुण्याजवळच्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांकडे निघालेल्या पोरांपुढे बहुतेकदा या दोनच वाटा असतात. पैसे दोन्हीकडे कमीच. मी मशीनशॉपमध्ये आहे, नवीन मुलं निवडायला बसतो, म्हणून पोटतिडकीनं सांगतो: त्या कमी पैशांत काय शिकायला मिळतं, याचा हिशेब आधी करा.

आधी हातात पडणाऱ्या पैशांचं बघू. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या अप्रेंटिसला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. काही कंपन्या जास्त देतात. कॉन्ट्रॅक्टरकडच्या हेल्परला ओव्हरटाइम धरून याच्या दीडपट-दुप्पट सुटतात, शिवाय पीएफ भरला जातो आणि पगार २१,००० च्या आत असला तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमाही लागू होतो. १९६१ चा अप्रेंटिस कायदा अप्रेंटिसला कामगार धरत नाही, त्यामुळे त्याला पीएफ नाही. कॉट बेसिसवर राहून, मेसचे पैसे भरून ७,००० त काही उरत नाही; घरून पैसे मागवावे लागतात.

पण दोन-तीन वर्षांनी काय होतं ते पाहा. ऑपरेटर घेताना मी मुलाच्या हातात एक शाफ्ट आणि त्याची जाडी अचूक मोजायचा मायक्रोमीटर देतो. एकदा तीन वर्षं कंत्राटी काम केलेला मुलगा आला होता. दाब बेताचा राहावा म्हणून मायक्रोमीटरच्या टोकाला रॅचेट असतं, त्याला त्यानं हातच लावला नाही, फिरवायचा थिंबल नुसता आवळत गेला. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, जॉब लावायचा, दार ओढायचं, सायकल स्टार्ट दाबायचं, जॉब काढून ट्रेमध्ये ठेवायचा, एवढंच त्यानं तीन वर्षं केलं होतं. ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती, बदलायला सेटर यायचा. पोरगा कष्टाळू होता, पण त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. २४० दिवस भरले की कायद्यानं सलग नोकरी धरली जाते; ते भरू नयेत म्हणून दर सात महिन्यांनी ब्रेक, मग नवा कॉन्ट्रॅक्टर. मोठ्या कंपनीत घाम गाळला, पण अनुभवपत्रावर आणि पीएफच्या पासबुकात नाव कॉन्ट्रॅक्टरचं, हुद्दा हेल्पर. अशा मुलाला सगळीकडे पुन्हा फ्रेशरचाच पगार सांगतात, आणि फ्रेशरच घ्यायचा तर कंपन्यांना एकोणीस वर्षांचा हवा असतो.

अप्रेंटिसशिप पूर्ण करून परीक्षा पास झालात की देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्या लेव्हल-१, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या भरतीत अशा मुलांसाठी २० टक्के जागा राखीव असतात. पण कंपनीनं नंतर नोकरी द्यायलाच हवी, असं बंधन कायद्यात नाही. काही ठिकाणी अप्रेंटिसलाही पहिल्या दिवसापासून न शिकवता उत्पादनाच्या लाइनवर उभं करतात, तिथं गेलात तर दोन्हीकडून नुकसान. म्हणून आधीच्या बॅचमधल्या मुलांना गाठा आणि टूलरूममध्ये, मेंटेनन्सला किती दिवस बसवलं ते विचारा. करार सरकारी पोर्टलवर नोंदला आहे का, हे स्वतः पाहा. नुसतं ‘ट्रेनी’ लिहिलेलं पत्र म्हणजे अप्रेंटिसशिप नव्हे.

काही जण यातलं काहीच न करता डिलिव्हरी बॉय होतात; ते पैसे सुरुवातीला बरे वाटतात, पण ट्रेडपासून हात तुटतो. फारच अडचण असेल तर काही महिन्यांपुरतं करा.

घरचे वर्षभर कळ काढू शकत असतील तर अप्रेंटिसशिपच करा. घरात कर्ज असेल, धाकट्यांची शिक्षणं असतील, तर पगार लागतोच, त्यात कमीपणा नाही. मग मोठ्या गेटपेक्षा पाच-सहा मशीनचं जॉबवर्कचं वर्कशॉप शोधा, जिथं मालक स्वतः सेटिंग करतो. तिथं दोन-तीन हजार कमी मिळाले तरी चालतील.

आणि कॉन्ट्रॅक्टरकडेच लागलात तर दर महिन्याची पगारपावती जपा, यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, एकच ठेवा. नवा कॉन्ट्रॅक्टर नवा नंबर काढायला निघाला, तर त्याला जुनाच द्या.