सिसिफसला खलनायक करताना : ‘मिथिक ओडिसीज ऑफ थेरॉस’चे परीक्षण

ग्रीक दंतकथांत लबाड पुष्कळ आहेत, पण होमरने ‘इलियड’मध्ये ज्याला माणसांतला सर्वांत धूर्त म्हटले तो कोरिंथचा राजा सिसिफस माझ्या मते त्या सर्वांत निराळा आहे. नदीदेव आसोपसची मुलगी एजिना हिला झ्यूसने पळवले, तेव्हा ती कुठे आहे हे सांगण्याच्या बदल्यात सिसिफसने आपल्या गडावर वाहत्या पाण्याचा झरा मागून घेतला. झ्यूसने सूड म्हणून धाडलेल्या साक्षात मृत्यूला, म्हणजे थानाटोसला, त्याने साखळदंडात अडकवले आणि युद्धदेव अ‍ॅरीसने सोडवेपर्यंत पृथ्वीवर कोणीच मरेना. पुढे स्वतः मरण्यापूर्वी त्याने बायकोला आपले अंत्यविधी करू नकोस असे बजावले, पाताळात जाऊन ‘माझे अंत्यविधीही झाले नाहीत’ अशी तक्रार केली, बायकोला शासन करण्यासाठी परतण्याची परवानगी मिळवली आणि मग तो तिथे परत गेलाच नाही. डोंगरावर शिळा ढकलणारा सिसिफस सर्वांना ठाऊक असतो. मला मात्र शिळेच्या आधीचा सिसिफस आमच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या (एकाने गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे रंगवायची, अशा फाशांच्या खेळाच्या) मोहिमेत खलनायक म्हणून हवा होता, आणि त्याच हेतूने मी ‘मिथिक ओडिसीज ऑफ थेरॉस’ हे पुस्तक वर्षभर वापरले.

विझर्ड्स ऑफ द कोस्टने 2020 साली काढलेले हे 256 पानांचे पुस्तक खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी आहे. त्यातले थेरॉस हे जग ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातून आलेले असून ते ग्रीक पुराणकथांवर बेतलेले आहे, पण ते ग्रीस नव्हे. त्यामुळे यात झ्यूस नाही, सूर्यदेव हेलिऑड आहे. मृतांना पाताळात नेणारा नावाडी कॅरन नाही, अथ्रिऑस आहे. आणि सिसिफस अर्थातच नाही. मूळ नियमपुस्तके हाताशी असल्याशिवाय याचा उपयोग नाही, हे नव्या खेळाडूंनी ध्यानात घ्यावे.

सिसिफसच्या सर्वांत जवळ जाणारा इथला देव म्हणजे फेनॅक्स, असत्याचा आणि फसवणुकीचा देव. तो मूळचा मर्त्य मानव. पाताळातून निसटणारा तो पहिला, आणि त्याची किंमत म्हणून त्याला स्वतःची ओळख गमवावी लागली. त्याच्या वाटेने परत येणाऱ्यांना ‘रिटर्न्ड’ म्हणतात. त्यांना चेहरा उरत नाही, म्हणून ते सोन्याचे मुखवटे घालतात. ही कल्पना विलक्षण सुंदर आहे आणि पुस्तकातल्या चित्रांनी ती आणखी गहिरी केली आहे. तरीही सिसिफसला ‘रिटर्न्ड’ करण्याचा मोह मी टाळला. फेनॅक्स पळून आला, म्हणून त्याने किंमत मोजली. सिसिफस रीतसर परवानगी घेऊन, दाराने बाहेर पडला. त्याचा चेहरा शाबूत आहे, स्मृती शाबूत आहे आणि त्याच्याविरुद्ध कोणाकडे पुरावा नाही. खलनायक म्हणून हे कितीतरी अधिक भयंकर आहे.

फसवणुकीच्या बाबतीत या पुस्तकाची खरी उणीव मूळ खेळाच्या नियमांतून आलेली आहे, आणि ती भरून काढण्याचा प्रयत्न पुस्तक करत नाही. या खेळात कोणी खोटे बोलले की वीस बाजूंचा फासा टाकायचा, ऐकणाऱ्यानेही टाकायचा आणि आकडे ताडून पाहायचे. कटाचा सूत्रधार असलेला खलनायक अशा नियमाखाली तीन सेशन्ससुद्धा टिकत नाही, कारण चार खेळाडूंपैकी एकाला कधीतरी अठरा-एकोणीस पडणारच. फेनॅक्सविषयीच्या प्रकरणात कारस्थानांच्या आणि खलनायकांच्या कल्पना आहेत, पण खलनायकाने टेबलावर बसून प्रत्यक्ष बोलायचे कसे, याबद्दल मार्गदर्शन जवळजवळ नाही.

मला त्याचे उत्तर दंतकथेतच सापडले. सिसिफसच्या गोष्टी पुन्हा वाचल्या तर दिसते की तो निर्णायक क्षणी खोटे बोलतच नाही. अंत्यविधी खरोखरच झाले नव्हते. एजिना खरोखरच झ्यूसकडे होती. आपल्याकडे ज्याला शब्दच्छल म्हणतात तेच त्याचे शस्त्र, आणि ‘नरो वा कुंजरो वा’ ऐकत वाढलेल्या मराठी खेळाडूंना ते समजावून सांगावे लागत नाही. मी स्वतःला एकच नियम घालून घेतला : सिसिफसने एकही असत्य वाक्य उच्चारायचे नाही. आमच्या पुरोहित पात्राने त्याच्यावर ‘झोन ऑफ ट्रुथ’ हा मंत्र टाकला आणि मृत्यूचा दूत कुठे आहे असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, “तो माझ्याकडे आला होता, हे खरे आहे. परत जाताना मात्र मी त्याला पाहिले नाही.” मंत्राच्या मर्यादेत हे उत्तर पूर्णपणे बसते. दूत त्याच वेळी तळघरात बांधलेला होता.

याच ठिकाणी या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग कामी येतो, आणि तो फेनॅक्सच्या पानांवर नसून देवभक्तीच्या नियमांत आहे. प्रत्येक पात्र पंधरांपैकी एका देवाला आपला मानू शकते. भक्तीचा गुणांक 1 पासून सुरू होतो. 3, 10, 25 आणि 50 या टप्प्यांवर देवाकडून देणग्या मिळतात. देवाला न रुचणारे कृत्य केले की गुण घटतात. वरवर पाहता ही बक्षिसांची योजना आहे. लबाड खलनायकाच्या हाती मात्र ती दोरी आहे. सिसिफसचे सगळे डाव दुसऱ्याच्या कर्तव्यावर उभे असतात : पातिव्रत्यावर, पाताळाच्या न्यायावर, मृत्यूच्या आज्ञापालनावर. आमच्यातल्या हेलिऑडभक्त पॅलाडिनकडून, म्हणजे धर्मयोद्ध्याकडून, त्याने पहिल्याच मेजवानीत, अत्यंत अदबीने, “या घरातले कोणतेही कुलूप आपण पाहुणे उघडणार नाही, एवढा शब्द द्यावा,” असे वचन घेतले. पाहुण्याला यात वावगे काय वाटावे? पुढे नगरात कोणी मरेनासे झाले, जखमी तळमळत पडून राहिले आणि तळघराच्या कुलपामागे काय आहे ते उघड झाले, तेव्हा वचनभंग करून सूर्यदेवाची भक्ती गमवायची की लोकांच्या यातना पाहत राहायचे, हा पेच त्या खेळाडूला अक्षरशः छळत होता. दोन तासांच्या चर्चेनंतर त्यांनी कुलपाला हात न लावता भिंत फोडली. शब्दच्छलाला शब्दच्छलानेच उत्तर मिळाले होते, आणि गुणांक कमी करण्याचे मला काहीच कारण नव्हते.

पुस्तकातले ‘मिथिक’ गुणधर्मही उल्लेखनीय आहेत. अरास्टा, हायथोनिया आणि ट्रोमोक्राटिस या तीन महाप्राण्यांचे प्राणांक, म्हणजे जीव मोजणारे गुण, शून्यावर आले की लढाई संपत नाही. ते नव्या बळाने उभे राहतात. मरूनही न संपणारा शत्रू हीच सिसिफसची कथा आहे, परंतु पुस्तकाने ही युक्ती राक्षसी देहांपुरतीच राखली, याची मला खंत वाटली. मी सिसिफसला मूळ खेळातल्या साध्या सरदाराचे 9 प्राणांक दिले. पॅलाडिनच्या तलवारीच्या एकाच घावात तो मेला, सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि पुढच्या सेशनला तो दरबारात बसलेला होता. त्याचे दुसरे बळ नव्या हल्ल्यांत नव्हते, पाताळातून आणलेल्या परवानगीत होते.

नगरराज्ये आणि नकाशे उपयुक्त आहेत. सोबत दिलेली तयार साहसकथा पहिल्या स्तराच्या पात्रांसाठी पुरेशी आहे. मारामारीप्रधान मोहीम चालवणाऱ्या डीएमला (डंजन मास्टरला, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याला) पुस्तक जसेच्या तसे वापरता येईल. कपटी शत्रू हवा असेल तर आधी देवांचे प्रकरण प्रत्येक खेळाडूच्या पात्रासाठी स्वतंत्रपणे वाचावे, कारण तुमच्या खलनायकाचे बोलणे तिथूनच तयार होणार आहे.

सिसिफसला हरवण्याचा मार्ग आमच्या खेळाडूंनी त्याच्या परवानगीतच शोधला. जो माणूस अंत्यविधी झाले नाहीत म्हणून परतला, त्याचे अंत्यविधी झाले तर? ते तलवारी बाहेर ठेवून राणी मेरोपीकडे गेले आणि तिच्या नवऱ्याने पाताळात नेमकी कोणाविरुद्ध तक्रार केली होती, ते तिला सांगितले. ज्या आज्ञेचे तिने निष्ठेने पालन केले, त्याच आज्ञापालनासाठी त्याने तिला दोषी ठरवले होते. मेरोपीने काही क्षण काहीही विचारले नाही. मग तिने दासीला तेल, पांढरे वस्त्र आणि जिभेखाली ठेवायचे एक नाणे आणायला सांगितले.