टो-प्लेट : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या छोट्या हॅचबॅकचा पुढचा टोटल टो, म्हणजे पुढची दोन चाके मिळून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, एका अलाइनमेंट केंद्रावर ०.१० अंश आणि दुसऱ्या केंद्रावर ०°१०′ असा छापून आला. दुसऱ्या केंद्रातील कारागिराने दोन्ही कागद शेजारी धरून ‘सेम टू सेम’ असा निर्वाळा दिला, तेव्हा मी टो-प्लेटचा संच मागवला : दोन चाकांना बाहेरून टेकवायच्या दोन प्लेट आणि त्यांच्यातले अंतर चाकांच्या पुढे व मागे मोजायच्या दोन टेप; त्या दोन अंतरांतला फरक म्हणजे टो. एका अंशाची साठ मिनिटे (′) होतात, म्हणून ०.१० अंश म्हणजे सहा मिनिटे, दहा नव्हे. पहिल्या केंद्रावर पुन्हा गेलो, तर काहीही न फिरवता तिसराच आकडा आला. रिमवर मशीनचा क्लॅम्प किंचित तिरका बसला तरी तो फरक वजा व्हावा म्हणून गाडी मागेपुढे ढकलून रनआउट काढायचा असतो; तो का काढला नाही, असे विचारल्यावर ‘मशीन थ्रीडी आहे’ एवढेच उत्तर मिळाले. पैसे मात्र दोन्ही वेळा पूर्ण घेतले.

प्लेट उत्तम आहेत. खरा दोष सोबतच्या टेपमध्ये आहे. टेपच्या टोकाची आकडी मुद्दामच सैल रिव्हेट केलेली असते, म्हणजे बाहेरून ओढून व आतून टेकवून घेतलेली मापे जुळतात. मात्र या संचातील दोन टेपच्या आकड्यांचा सैलपणा सारखा नाही, आणि १४ इंची रिमच्या व्यासावर दहा मिनिटांचा टो म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर! यावर उपाय असा, की एकदा मोजून झाल्यावर पुढची टेप मागे व मागची पुढे लावून पुन्हा मोजावे आणि दोन्ही उत्तरांची सरासरी घ्यावी. टेपमधील कायमचा फरक त्यात आपोआप वजा होतो. प्लेट टायरच्या उठावदार अक्षरांवर किंवा तळाच्या फुगवट्यावर टेकू देऊ नये.

पहिल्या महिन्यात मी या संचाला पाचपैकी दोनच गुण दिले असते. मत बदलले ते एका विसंगतीमुळे. टायरची हवा सारखी, स्टिअरिंग सरळ, फरशी तीच. तरीही गाडी पुढे ढकलून थांबवली की एक माप आणि मागे ढकलून थांबवली की सुमारे दोन मिलिमीटरने वेगळे माप येई, आणि प्रत्येक दिशेचे माप मात्र दर वेळी तेच येई. माप स्थिर असून चाकच जागा बदलत असेल, तर टाय रॉडला (टो ज्याने कमी-जास्त करतात त्या दांड्याला) हात लावण्यात अर्थ नाही. नेहमीच्या मेकॅनिकने टॉमी घालून डावा लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) हलवला, तेव्हा त्याचा मागचा बुश (रबरी सांधा) अर्धा फाटलेला दिसला. तो बदलून टो लावून घेतल्यापासून दोन्ही दिशांची मापे जुळतात आणि गाडी डावीकडे ओढत नाही. ही तपासणी टाय रॉडचे लॉकनट सैल करण्याआधीच व्हायला हवी, आणि ती केंद्राने करायला हवी होती.

प्लेटवर केवळ टोटल टो कळतो. कॅम्बर (चाकाचा उभा कल), प्रत्येक चाकाचा स्वतंत्र टो किंवा थ्रस्ट अँगल (मागची चाके ज्या दिशेने ढकलतात तिचा गाडीच्या मध्यरेषेशी कोन) कळत नाही, त्यामुळे केंद्राची गरज संपत नाही. जॅकवरून उतरवलेली गाडी काही फूट पुढे ढकलल्याशिवाय मोजू नये, कारण टायर जमिनीला चिकटून चाके आखडलेली राहतात.

टेपबद्दल विक्रेत्याला लिहिले असता त्याने पूर्ण संच माझ्या खर्चाने परत पाठवण्यास सांगितले. कुरिअरच्या त्या पैशांत चांगल्या दोन टेप येतात, म्हणून त्याच घेतल्या. एक गुण त्यासाठी कापला आहे : पाचपैकी चार.