पैसेवाला पासवर्ड मॅनेजर सोडून कीपासएक्ससी घेतलं, काही महिन्यांनंतरचा अनुभव (आणि एक्सपोर्टचा वैताग)

आधीच्या पासवर्ड मॅनेजरने (सगळे पासवर्ड एका जागी कुलपात ठेवणारं ॲप) वर्गणी वाढवली, कार्डावरून पैसे आधी कापले आणि मेल नंतर आला की नवीन दर लागू झालाय. तेव्हाच ठरवलं की आता बास. मास्टर पासवर्ड (ते कुलूप उघडणारा एकच पासवर्ड), ऑटोफिल (साइटवर पासवर्ड आपोआप भरला जाणं) हे सगळं वाचणाऱ्यांना माहीत असणार, त्यात फार जात नाही. मला बोलायचंय ते एक्सपोर्टबद्दल, म्हणजे आत ठेवलेला डेटा बाहेर काढण्याबद्दल, कारण कुठल्याच रिव्ह्यूमध्ये त्यावर दोन ओळींच्या वर कोणी लिहीत नाही आणि माझ्या मते पासवर्ड मॅनेजर घेताना सगळ्यात आधी तपासायची गोष्ट तीच आहे.

जुन्या कंपनीच्या चॅटवर विचारलं, माझा सगळा डेटा बाहेर कसा काढायचा. उत्तर आलं, सेटिंगमध्ये एक्सपोर्ट आहे. आहे ना, पण त्यातून निघते ती फक्त सीएसव्ही फाइल, म्हणजे साइट, युजरनेम, पासवर्ड, नोट, संपलं. रिकव्हरी कोडच्या (लॉगिन अडकलं तर वापरायचे कोड) ज्या फाइल्स अटॅच करून ठेवल्या होत्या त्या त्यात नाहीत, टू-फॅक्टरचे (पासवर्डनंतर आणखी मागितले जाणारे) सहा आकडी कोड ज्या सीक्रेटवरून, म्हणजे गुप्त किल्लीवरून, तयार होतात ते सीक्रेट नाही, पासकी (पासवर्डऐवजी लॉगिनसाठी वापरायची डिजिटल किल्ली) तर नाहीतच. परत विचारलं तर दुसरा एजंट आला आणि पहिल्यापासून सुरू, नाव सांगा, रजिस्टर्ड ईमेल सांगा, आणि शेवटी काय तर पुढच्या वर्षासाठी डिस्काउंट देतो म्हणे. अहो, मला डिस्काउंट नकोय, माझे पासवर्ड माझे मला द्या. इतकी वर्षं पैसे भरून आत सामान ठेवलं आणि बाहेर पडताना अर्धं सामान दारात अडवून ठेवायचं, हे मला अजिबात पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

त्या सीएसव्हीचं पण बघा. नोटपॅडमध्ये उघडली की प्रत्येक ओळीत एकेक खातं, पासवर्ड उघडाबोडका समोर. ही फाइल ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं मिळालं, मास्टर पासवर्ड कितीही भारी असला तरी काही उपयोग नाही. डाउनलोड्स फोल्डर क्लाउडला सिंक होत असेल तर ती फाइल तुमच्या नकळत वर चढते, इथून डिलीट केली तरी तिथल्या ट्रॅशमध्ये पडून राहते. म्हणून एक्सपोर्ट करायच्या आधी सिंक बंद करा, काम झालं की फाइल काढा, रिसायकल बिन रिकामा करा, क्लाउडचा ट्रॅश पण तपासा. आणि काहीही झालं तरी ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, ०४२७ असा पिन असेल तर पुढचं शून्य जातं आणि ४२७ उरतं, पासवर्ड = ने सुरू होत असेल तर एक्सेल त्याला फॉर्म्युला समजतं. मग नव्या ॲपमध्ये इम्पोर्ट केल्यावर पासवर्ड चुकीचा म्हणून येतं आणि माणूस साइटला शिव्या घालत बसतो.

आता कीपासएक्ससी. फुकट आहे, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. सगळे पासवर्ड एका केडीबीएक्स फाइलमध्ये, ती एन्क्रिप्टेड, म्हणजे मास्टर पासवर्डशिवाय वाचता न येणारी, आणि ती फाइल तुमच्याकडे. कंपनीचा सर्व्हर नाही, खातं नाही, वर्गणी नाही. इम्पोर्ट करताना सीएसव्हीचा कुठला कॉलम कुठे जायचा ते आपण ठरवतो, त्यामुळे ते काम बरं झालं. टू-फॅक्टरची सीक्रेट्स मात्र प्रत्येक साइटवर जाऊन, जुनं बंद करून, नवीन क्यूआर घेऊन टाकावी लागली. कंटाळवाणं काम, पण करताना एक कळलं की हे कोड वेळेवर चालतात, साधारण दर ३० सेकंदांना बदलतात, त्यामुळे कॉम्प्युटरचं घड्याळ मागे-पुढे असेल तर बरोबर कोडसुद्धा साइट घेत नाही. घड्याळ ऑटोमॅटिकवर ठेवा, बाकी काही करायला लागत नाही.

सुरुवातीला मी याला पाचपैकी तीनच दिले असते, कारण सिंक नाही, लॅपटॉपवरचा बदल फोनवर आपोआप जात नाही. फोनसाठी त्यांचं स्वतःचं ॲप पण नाही, अँड्रॉइडवर कीपासडीएक्स आणि आयफोनवर स्ट्राँगबॉक्स किंवा कीपासियम अशी वेगळ्या लोकांची ॲप्स घ्यावी लागतात, ती हीच फाइल उघडतात. फाइल क्लाउड ड्राइव्हमध्ये ठेवली आणि लॅपटॉपवर एक एंट्री बदलली, तेवढ्यात बायकोने फोनवर दुसरी बदलली, की ड्राइव्ह दोन कॉपी करून ठेवतो. पहिल्यांदा बघून धस्स झालं, म्हटलं आता कुठली खरी. पण मेनूत डेटाबेस मर्ज करायची सोय आहे, दुसरी फाइल दाखवली की दोन्हीकडचे बदल एकत्र होतात, आणि एंट्रीचा जुना पासवर्ड हिस्टरीत सापडतो. हे कळल्यावर माझं मत बदललं. ज्याला सिंक नाही म्हणून मी नावं ठेवत होतो त्याचाच अर्थ असा की फाइल कॉपी केली की बॅकअप झाला, पेन ड्राइव्हवर एक, घरातल्या एक्सटर्नल डिस्कवर एक, आणि उद्या कीपासएक्ससी बंद पडलं तरी तीच फाइल दुसऱ्या ॲपमध्ये जशीच्या तशी उघडते, अटॅचमेंट आणि कोडच्या सीक्रेट्ससकट. एक्सपोर्ट करायची गरजच नाही! वर्गणी भरत होतो तेव्हा हे सुख कधी नव्हतं.

ब्राउझर एक्स्टेंशनवरही (ब्राउझरमध्ये पासवर्ड भरून देणारी जोडणी) आधी चिडलो होतो. मेलमधल्या लिंकवरून एका साइटचं लॉगिन पान उघडलं, लोगो तोच, रंग तोच, पण एक्स्टेंशन काही सुचवेना. एरवी बॉक्समध्ये क्लिक केलं की खातं लगेच समोर येतं. वाटलं, झालं, बिघडलं. मग ॲड्रेस बार नीट वाचला तर नावाच्या मधे एक जास्तीची आडवी रेघ, म्हणजे डोमेनच वेगळं, बनावट पान. आपल्या डोळ्यांना चित्र दिसतं, एक्स्टेंशन फक्त पत्ता जुळवतं, आणि पत्ता जुळला नाही तर गप्प बसतं. त्यामुळे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, पासवर्ड आपोआप आला नाही तर हाताने कॉपी-पेस्ट करायचा नाही, थांबायचं आणि पत्ता वाचायचा. माझ्या मते पासवर्ड मॅनेजरचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे, पासवर्ड लक्षात ठेवावे न लागणं त्याच्या नंतर येतं.

मास्टर पासवर्डबद्दल मात्र हयगय नको. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीकडून ग्राहकांच्या व्हॉल्टचे (पासवर्डच्या साठ्याचे) बॅकअप चोरीला गेले होते, त्यात साइट्सचे पत्ते तर एन्क्रिप्टसुद्धा नव्हते, पासवर्ड एन्क्रिप्ट होते, पण ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा त्यांना खरा धोका, कारण चोर निवांत बसून अंदाज करत राहू शकतो. तुमची केडीबीएक्स फाइल कोणाच्या हाती लागली तर तेच गणित लागू. नव्या केडीबीएक्स फाइलमध्ये आर्गॉन२ नावाचं अल्गोरिदम असतं, ते प्रत्येक अंदाजाला मुद्दाम वेळ आणि मेमरी खायला लावतं, पण १२३४ ला ते पण वाचवू शकत नाही. ॲपमध्येच शब्दांचा पासवर्ड बनवायची सोय आहे, ७७७६ शब्दांच्या यादीतून तो रँडम शब्द निवडतो, सहा शब्द घ्या, पुरे. शब्द स्वतःच्या मनाने निवडू नका, माणूस फिरून फिरून त्याच शब्दांवर येतो. आणि हा पासवर्ड विसरलात तर रीसेट करून देणारं कोणी नाही, त्यामुळे कागदावर लिहून कागदपत्रांच्या फाइलीत ठेवलाय, घरात दोघांना जागा माहीत आहे. कागदावर लिहू नये असं म्हणणारे भेटतील, पण हॅकर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही, विसराळूपणा मात्र रोज घरात असतो.

ज्यांना फाइल, बॅकअप, मर्ज ऐकूनच डोकं दुखतं त्यांनी सर्व्हरवाला मॅनेजर घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही, एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा तो हजारपट बरा. फक्त पैसे भरायच्या आधी, ट्रायल चालू असतानाच, त्यात एक अटॅचमेंट आणि एक टू-फॅक्टर सीक्रेट टाकून एक्सपोर्ट करून बघा. दोन्ही बाहेर आलं तरच कार्ड नंबर द्या.

पासकीचं काम अजून बाकी आहे. एका मॅनेजरमधून दुसऱ्यात पासकी नेता याव्यात म्हणून पासकीचं मानक ठरवणाऱ्या फिडो अलायन्स या संस्थेने २०२४ मध्ये मसुदा काढलाय, पण माझ्या जुन्या कंपनीत तसं बटण अजून दिसत नाही. त्यामुळे तिथलं खातं वर्गणीशिवाय चालू ठेवलंय. ज्या दोन साइट्सच्या पासकी तिथे अडकल्यात, तिथे लॉगिन करून कीपासएक्ससीमध्ये नवीन बनवायच्या, जुन्या पासकी त्या साइटवरून काढायच्या, की ते खातंही डिलीट.