टीव्ही, प्रोजेक्टर, पॅनल की टॅब? खानदेशातल्या शाळेनं काय घ्यावं

लोकवर्गणी जमली की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकच प्रश्न येतो, "गुरुजी, घ्यायचं काय?" मी जळगाव जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. चारही वस्तू वर्गात वापरून झाल्या आहेत, म्हणून जे पाहिलं ते सांगतो.

प्रोजेक्टरचा विषय आधी संपवतो. कमी पैशात मोठं चित्र मिळतं, म्हणून सगळ्यांचं मन आधी तिकडे धावतं. आमच्याकडे तो होता. चित्र दिसायला अंधार हवा, म्हणून खिडक्यांना काळं कापड लावलं. मार्च संपता संपता पत्र्याखालच्या त्या खोलीत पंखा नुसती गरम हवा फिरवायचा आणि दहा मिनिटांत पोरं पेंगायला लागायची. पुढे प्रोजेक्टरच तापून बंद पडू लागला. जाळी उघडली तर आत धूळ आणि कापसाचे तंतू गच्च बसलेले. आपल्या उन्हाळ्यात मी तो कुणालाच सुचवणार नाही.

टीव्ही उजेडात दिसतो, खिडक्या उघड्या राहतात आणि बिघडला तर तालुक्याच्या गावी दुरुस्त होतो. विजेचा हिशेबही त्याच्याच बाजूनं आहे. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची इन्व्हर्टर बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. टीव्ही साधारण 100 वॅट खातो, प्रोजेक्टर 250 ते 300. लाइट गेली तरी टीव्हीवर शाळेचा दिवस निघतो.

फक्त आकार बघून घ्या. पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत मजकूर नीट वाचता येतो, असा ढोबळ हिशेब आहे. 43 इंची टीव्हीची उंची 53 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सव्वातीन मीटरच्या मागे बसलेल्या मुलाला चित्र दिसतं, पण अक्षरं लागत नाहीत. वर्ग लांबट असेल तर 55 इंची घ्या, नाहीतर मुलांना पुढे सतरंजीवर बसवा. 2017 पासूनच्या, सरकारच्या दीक्षा या शालेय पाठांच्या अ‍ॅपवरचे पाठ आदल्या दिवशी रेंज मिळेल तिथे उतरवून ठेवा. वर्गात गोल गोल फिरणारं चक्र दिसलं की मुलांचं लक्ष गेलंच समजा.

आणि पाठ तीन-चार मिनिटांवर थांबवा. पाण्याची वाफ होते तिथे थांबवलं आणि "आता पुढे काय होईल?" विचारलं, की वर्ग बोलायला लागतो. वीस मिनिटं सलग लावून ठेवलं तर शिकवणं टीव्हीवर सोपवल्यासारखं होतं, आणि टीव्हीला मागच्या बाकावरच्या मुलीचा चेहरा दिसत नाही.

पॅनलला, म्हणजे बोटानं लिहिता येणाऱ्या मोठ्या फळ्याला, पैसे लाखाच्या घरात लागतात. आठवी ते दहावीला भूमिती शिकवणारे शिक्षक जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर उघडून त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढतात आणि कोनांची बेरीज 180 वरून हलत नाही, हे मुलं डोळ्यांनी बघतात. तिथे त्या पैशांचं चीज होतं. प्राथमिक शाळेत मात्र एक मूल पॅनलपाशी आणि बाकीचे बघे. बिघडलं की दुरुस्तीवाला शहरातून येईपर्यंत महिना जातो.

माझा जीव गुंतलाय तो टॅबमध्ये. एका टीव्हीच्या पैशात साधे तीन-चार टॅब येतात. पण वाटून दिले की मुलं शिकतात, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पेरू देशात 319 ग्रामीण शाळांच्या अभ्यासात मुलांना लॅपटॉप मिळाले, तरी गणित आणि भाषेत फरक पडला नव्हता. उलट दिल्लीत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हींत चांगली प्रगती दिसली. तिथे संगणक प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचीच उदाहरणं देत होता, आणि अर्धा वेळ माणूस शिकवत होता.

आमच्या चौथीनं गेल्या पावसाळ्यात टॅबवर कपाशीचे फोटो काढले. शाळेच्या कुंपणालगतच्या शेतातली चार झाडं ठरवून दिली, रोज सकाळी त्याच फुलाचा फोटो. दुसऱ्या दिवशी एक मुलगी टॅब घेऊन पळतच आली, "सर, हाई फूल काल पांढरं व्हतं ना!" फूल गुलाबी झालं होतं. तिच्या घरची चार एकर कपाशी, जन्मापासून ती फुलं तिनं पाहिलेली. पण काल आणि आज शेजारी ठेवून बघायची संधी तिला पहिल्यांदा मिळाली. त्या आठवड्यात मुलांनी पातं (म्हणजे कळी), फूल, बोंड अशी नोंदवही स्वतः लिहिली. मला एकदाही "लिहा" म्हणावं लागलं नाही.

धडगाव, अक्कलकुवा भागात घरी पावरी किंवा भिली बोलणारी मुलं पहिलीला येतात, तिथे तर मी आधी टॅबच घेईन. आजीची गोष्ट तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून आणायची, वर्गात ऐकायची, त्यातले दहा शब्द घरच्या बोलीत आणि मराठीत फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे. याला नेट लागत नाही.

तेव्हा दोनशिक्षकी, चार इयत्ता एकत्र बसणारी शाळा असेल तर चार-पाच टॅब घ्या. एक इयत्ता तुमच्यासमोर आणि दुसरी टॅबवर गटात, हे जमतं. इयत्तांना वेगळ्या खोल्या आणि वर्गात तीस-पस्तीस मुलं असतील तर टीव्ही. पॅनल हायस्कूललाच, आणि तेही शिक्षकांनी आधी महिनाभर कुणाच्या तरी शाळेत जाऊन वापरून पाहिल्यावर.

वर्गणीतले चार-पाच हजार मात्र बाजूला ठेवाच. टॅबची काच फुटते, चार्जरची पिन वाकते. कपाटाच्या आत प्लगपट्टी बसवून घ्या आणि चार्जिंगची पाळी पाचवीच्या मुलांकडे द्या, ते शिक्षकांपेक्षा नीट सांभाळतात. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर नको, वर्गात खिळ्याला अडकवलेली असू द्या.