नऊ महिने टाँग टेस्टरसोबत: स्टार्टिंग करंट समजला, दिव्याचं बटण अजून नाही

हा टाँग टेस्टर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर, मी हौसेनं घेतलेला नाही. पंपाची साडेसात एचपीची मोटर बदलली आणि चालू करताना एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडायला लागला. रोज नाही, चार वेळा नीट, पाचव्यांदा फट्. वायरमन दोन आले आणि मतं तीन देऊन गेले: केबल बारीक आहे, नवी मोटरच खराब आहे, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी करंटवर उचलणारा) बसवा. तिन्हींत पैसे माझेच जाणार होते. त्यापेक्षा इनरश, म्हणजे मोटर चालू होतानाचा करंटचा झटका, मोजणारा मीटर परवडेल, एवढाच विचार केला. खोक्यावर काय काय छापलंय ते सगळ्यांना माहीत असतं, ते परत लिहीत नाही.

आधी दिव्याचं सांगून टाकतो. होल्ड (आकडा गोठवणं) आणि बॅकलाइट (स्क्रीनचा दिवा) एकाच बटणावर आहेत. हलकं दाबलं तर होल्ड, दाबून धरलं तर दिवा. आता स्टार्टरचं पॅनेल म्हणजे अंधारच. एका हातात मीटर, दुसऱ्या हाताचं बोट स्टार्टरच्या हिरव्या बटणावर. मोटर उचलते, आकडा येतो, पण दिसत नाही. दिवा लावायला जावं तर बोट जरा लवकर सुटतं, इनरश मोड रद्द होतो आणि आकडा गायब! पुन्हा स्टार्ट द्यायचा तर लगेच देता येत नाही. करंट सातपट झाला की वाइंडिंगमधली उष्णता जवळपास पन्नासपट होते, त्यामुळे मध्ये थांबावंच लागतं. म्हणजे एका बटणापायी माझा अर्धा तास जायचा. ज्यानं ही रचना केली त्यानं मीटर कायम ट्यूबलाइटखाली टेबलावरच वापरला असणार.

पहिल्या महिन्यात मी याला पाचपैकी दोन गुण दिले होते. कारण दिवा, आणि दुसरं म्हणजे आकडे. सर्वांत मोठा आकडा धरून ठेवणाऱ्या साध्या मॅक्स मोडवर ३८ अँपिअर. इनरश मोडवर एकदा ६६, मग ७४, मग ६८. मोटर तीच, केबल तीच. मीटर बिघडलाय म्हणून सर्व्हिस सेंटरला पाठवला, तीन आठवडे फोन केले, भांडलो. ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून परत आला. दिव्याबद्दल त्या चिठ्ठीत अक्षर नव्हतं.

इथे मला मत बदलावं लागलं. चूक मीटरची नव्हतीच. मॅक्स मोड सेकंदात दोन-तीनदाच आकडा बदलतो, तेवढ्यात माझी मोटर वेग घेऊन मोकळी होते. मग उंच आणि उतरलेला करंट एकत्र होऊन ३८ दिसतात. इनरश मोड सुरुवातीचे १०० मिलिसेकंद पकडतो, म्हणजे ५० हर्ट्झवर पाच सायकल. त्यातही कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोटरला वीज जोडणारा स्विच) लाटेच्या नेमक्या कुठल्या टोकाला चिकटला यावर पहिल्या दोन-तीन सायकल एका बाजूला झुकतात. ते दरवेळी वेगळं, म्हणून आकडा वेगळा. एमसीबी पाचव्यांदाच का पडतो, त्याचं उत्तरही यातच होतं.

मग मोटरवरची पाटी वाचली. ५.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, १०.२ अँपिअर. कॅटलॉगमध्ये या मोटरचा स्टार्टिंग करंट फुल लोडच्या, म्हणजे पाटीवरच्या करंटच्या, सातपट दिलाय, म्हणजे सुमारे ७१. पण स्टार्टच्या क्षणी माझ्याकडे व्होल्टेज ३९० पर्यंत बसतं. करंट व्होल्टेजच्या प्रमाणात उतरतो: ७१ गुणिले ३९० भागिले ४१५, म्हणजे ६७. मीटर ६६-६८ दाखवत होता! टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मात्र व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे जवळजवळ १२ टक्के गेला. पाटीवर अमेरिकी पद्धतीचं कोड अक्षर असेल तर स्टार्टिंग करंट काढायला तेही चालतं: ‘जी’ म्हणजे स्टार्टला एचपीमागे ५.६ ते ६.२९ केव्हीए (व्होल्ट-अँपिअरचे हजार).

वॉल्व्ह बंद करून स्टार्ट दिला तर करंट कमी येईल, असं दोन्ही वायरमन छातीठोकपणे सांगत होते, आणि मलाही तसंच वाटायचं. बंद वॉल्व्हवर ६७, उघड्यावर ६७. आधी विश्वासच बसेना. पण रोटर (फिरणारा भाग) थांबलेला असताना मोटर म्हणजे सेकंडरी, म्हणजे बाहेर जाणारी बाजू, शॉर्ट केलेला ट्रान्सफॉर्मर. पुढे लोड काय जोडलाय हे तिला त्या क्षणी कळतच नाही. लोडमुळे फक्त करंट किती वेळ टिकतो ते ठरतं. आणि हा वेळ हा मीटर दाखवत नाही. खरं तर दिव्यापेक्षा हाच मोठा दोष. मी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून वेळ काढतो. तरी चीड दिव्याचीच येते.

एमसीबी सी-१६ होता, म्हणजे सी प्रकारचा, १६ अँपिअरचा. सी प्रकार पाच ते दहा पटीत चुंबकीय झटक्यानं पडतो, म्हणजे ८० अँपिअरपासून पुढे कुठेही. जुन्या मोटरला तो पुरायचा. नवी मोटर जास्त कार्यक्षम, चालताना करंट कमी घेते, पण अशा मोटरींचा स्टार्टिंग करंट बहुधा जास्तच असतो. शिवाय झुकलेल्या लाटेचं पहिलं शिखर दीडशेच्या पुढे जाऊ शकतं. डी-१६ बसवला, तो दहा ते वीस पटीत पडतो. केबलच्या टोकाला शॉर्ट झालं तर तेवढा करंट येतो का, हे आधी तपासून घेतलं. ओव्हरलोड रिले (जास्त वेळ जादा करंट गेला तर मोटर बंद करणारा) १०.२ वरच आहे. गेल्या पाच महिन्यांत एमसीबी एकदाही पडला नाही. स्टार-डेल्टाचा खर्च वाचला. त्यानं लाइनचा करंट एक तृतीयांश होतो खरा, पण टॉर्कही तेवढाच उरतो.

दर स्टार्टला खूप वीज जाते म्हणून वीजबिलाची धास्ती घेऊन मोटर उगाच चालू ठेवणारे लोक आहेत, मीही होतो. स्टार्टला पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी खरी वीज किती, तो हिस्सा) पडलेला असतो, ०.४ धरला तरी १८ किलोवॅटच्या आसपास, तेही सेकंदभर. म्हणजे मोटर तीन सेकंद चालल्याइतकी वीज. आता खुशाल बंद करतो.

गुण दोनवरून चार केलेत. एकच मोटर असेल तर घेऊ नका, पाटी आणि कॅटलॉग पुरेत. चार-पाच मोटरी असतील तर घ्या, आणि सोबत डोक्याला बांधायचा टॉर्च घ्या. मी परवाच घेतला.