रूट बिअर: पहिली बाटली कोणती घ्यावी?

अमेरिकेत नव्याने आलेल्या पुष्कळ मराठी माणसांचं रूट बिअरशी, म्हणजे मुळं-सालींच्या चवीच्या तिथल्या गोड, फेसाळ, बिनदारूच्या पेयाशी, पहिल्याच घोटात बिनसतं. “हे तर कंबरदुखीचं मलम!” म्हणून ग्लास बाजूला सरकतो. त्यांचं नाक चुकत नाही. रूट बिअरला थंडगार वास देणाऱ्या विंटरग्रीन या वनस्पतीत मिथाइल सॅलिसिलेट हे रसायन असतं आणि आपल्याकडच्या वेदनाशामक मलमांतही तेच असतं. पण हा वास प्रत्येक बाटलीत कमीअधिक असतो. कुठे तो पुढे येतो, तर कुठे व्हॅनिला किंवा मसाला त्याला झाकतो. निवड करताना आधी हेच पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

पूर्वी या पेयाचा प्राण ससाफ्रास या अमेरिकन झाडाच्या मुळाची साल हा होता. फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी १८७६ च्या तिथल्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात आपली रूट बिअर लोकांपुढे मांडली, ती त्याच परंपरेतली. सालीतल्या तेलातलं सॅफ्रोल कर्करोगकारक ठरल्यामुळे १९६० मध्ये अमेरिकेत खाद्यपेयांतल्या त्याच्या वापरावर बंदी आली. आता एकतर सॅफ्रोल काढून टाकलेला अर्क वापरतात, नाहीतर विंटरग्रीन, बर्च झाडाचा अर्क, व्हॅनिला, ज्येष्ठमध यांच्या मेळातून ती चव उभी करतात. हा मेळ प्रत्येकाचा निराळा, म्हणून ब्रँडनुसार चवीत इतका फरक पडतो.

चव घेताना बर्फ घालू नका. त्याने पेय पातळ होतं आणि वासही दबतो. बाटली फ्रिजमधून काढून पाचेक मिनिटं थांबा, काचेच्या ग्लासात ओता, आधी फेस बघा, मग वास घ्या. पहिल्या घोटात फक्त गोडी आणि गॅस कळतो. खरी परीक्षा गिळल्यानंतरची: जिभेवर मसाला उरतो की नुसता साखरेचा चिकटपणा? तिसऱ्या-चौथ्या घोटालाही प्यावंसं वाटलं, तर बाटली चांगली.

आता चार ब्रँड पाहू. ए अँड डब्ल्यू कुठल्याही दुकानात मिळते. १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोडाय गावी रॉय ॲलन यांनी लावलेल्या स्टॉलपासून हिची सुरुवात झाली. हिच्यात व्हॅनिला भरपूर, फेस मऊ आणि मलमाचा वास सर्वांत दबलेला. बिचकणाऱ्या माणसाला हिच्यापासून सुरुवात करणं सोपं जातं. दोष एकच: गोडी फार, आणि अर्ध्या ग्लासानंतर तिच्याखेरीज काही जाणवत नाही.

बार्क्स मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सीची, १८९८ पासूनची. चव कोरडी, म्हणजे गोडी जिभेवर न रेंगाळणारी, टोकदार, फेस कमी, व्हॅनिलाचे लाड नाहीत. तिखट-खारट खाण्याबरोबर, विशेषतः तळलेल्या चिकनबरोबर, मला हीच आवडते. मात्र रूट बिअरमध्ये सहसा नसणारं कॅफीन हिच्या नेहमीच्या प्रकारात असतं. संध्याकाळी मुलांना देणार असाल, तर ही नको.

व्हर्जिल्सच्या बाटलीवरची घटकांची यादी वाचाच: अनिस (बडीशेपेसारख्या चवीचं बी), ज्येष्ठमध, दालचिनी, लवंग, जायफळ, काकवी. आपल्या स्वयंपाकघराचा अर्धा मसाल्याचा डबा त्यात आहे. गोडी उसाच्या साखरेची, अंगाने हलकी, आणि गिळल्यावर ज्येष्ठमध बराच वेळ रेंगाळतो. जेवणानंतर बडीशेप चघळणाऱ्याला ही लगेच आपलीशी वाटेल. ज्येष्ठमध न आवडणाऱ्याने मात्र हिच्या वाटेला जाऊ नये.

माझ्या मते चौघींत सरस स्प्रेकर. विस्कॉन्सिनमधल्या ग्लेनडेलची ही ब्रुअरी मुळात बिअर बनवणारी. रूट बिअरही ती आगीवर तापवलेल्या किटलीत शिजवते आणि तिच्यात विस्कॉन्सिनचाच कच्चा मध घालते. फेस दाट आणि टिकणारा, पोत जवळजवळ सायीसारखा. मध आधी कळतो, मग व्हॅनिला, आणि विंटरग्रीन सर्वांत शेवटी, पुसटसं. पेय कोमट होत गेलं तरी ही चव विस्कटत नाही. स्वस्त बाटल्या नेमक्या इथेच उघड्या पडतात. किंमत जास्त आहे आणि विस्कॉन्सिनपासून दूर शोधावी लागते, पण शोधाच.

उपळसरीचं सरबत आवडणाऱ्यांनी ए अँड डब्ल्यूची पायरी वगळून थेट स्प्रेकर घ्यावी. उपळसरीच्या मुळाचाही वास व्हॅनिलाकडे झुकणारा, त्यामुळे मुळाचा गंध आणि गोडी यांची जोडी तुमच्या जिभेला ओळखीचीच आहे.

आइस्क्रीम घालून फ्लोट करायचा असेल, तर निकाल उलटतो. व्हॅनिला आइस्क्रीम पडल्यावर ए अँड डब्ल्यू असह्य गोड होते आणि स्प्रेकरचे बारकावे बुडतात. तिथे बार्क्स घ्या. तिचा कोरडेपणा आइस्क्रीमची गोडी कापतो.

आणि नावात बिअर असली तरी या चारही नेहमीच्या बाटल्यांत दारू नसते. ‘हार्ड रूट बिअर’ असं छापलेल्या बाटलीत मात्र ती असते, आणि दुकानात दोन्ही कधीकधी जवळजवळ ठेवलेल्या असतात. मुलांसाठी घेताना लेबल नीट वाचा.